गव्हाळ, तीन नंबर

कोड झाकायचं क्रीम घ्यावं का, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला चौघींनी विचारला. त्यातल्या दोघींनी बाजूला घेऊन, आवाज उतरवून, जणू मी त्यांना हातभट्टीचा पत्ता सांगणार होते. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी हे क्रीम सहा वर्षं रोज लावलंय. सुटीच्या दिवशी लावलं, डेंग्यूत पडले होते तेव्हाही लावलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीची क्रीमं बाजारात चार-पाच मिळतात, त्यातली तीन मी वापरली, आणि खालचं सगळं तिन्हींना उन्नीस-बीस फरकाने लागू आहे.

पाचपैकी चार तारे. माल चांगला आहे.

मी नर्स आहे, बावीस वर्षं नोकरी झाली. राहते नगरला. कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. कोड सुरू झालं एकोणचाळिसाव्या वर्षी, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या टोकावर. मग बाकीची बोटं, मग मनगट, मग खालच्या ओठाचा डावा कोपरा. बोटांची टोकं आणि ओठ म्हटलं की त्वचेच्या डॉक्टरांचाही चेहरा पडतो, कारण रंग परत भरतो तो बहुतेक केसांच्या मुळांकडून, आणि या जागी केसच नसतात. मलम झालं, आठवड्यातून दोनदा प्रकाशाचे उपचार झाले. मनगटावर थोडा रंग आला. बोटं होती तशीच राहिली. मग डॉक्टरच म्हणाल्या, तोवर हे लावून बघा.

आधी छटा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छटा कधीही पसंत करू नका. हातावर ठिपका लावा, दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात या आणि तिथे बघा. मला लागते गव्हाळ तीन नंबर. मे महिन्यात हात रापले की चार नंबर लागते, म्हणून मी दोन्ही डब्या ठेवायची आणि लोणच्याच्या वाटीत काडीने कालवायची. लावायचं ते थापटून, चोळून नाही. पाच मिनिटं थांबायचं, वर त्यांची पावडर मारायची, पुन्हा दहा मिनिटं थांबायचं, आणि मलमलच्या फडक्याने जास्तीची झटकायची. हे नीट केलं तर हातभर अंतरावरून कुणाला काही कळत नाही. अगदी खरं सांगते, लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा कळत नाही.

साध्या पाण्याने जात नाही, हा कंपनीचा दावा खरा आहे. घामाने मात्र तीन-चार तासांत सुटतं. आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की संपलं. आता माझी ड्यूटी बघा. पेशंटला हात लावायच्या आधी हात स्वच्छ करायचे, नंतर करायचे, ड्रेसिंगच्या आधी करायचे, सलाइनला हात लावायच्या आधी करायचे. अकरा वाजेपर्यंत बोटांवर ओल आलेल्या भिंतीसारखे पोपडे. मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा थर. एका ड्यूटीत चार वेळा. ओठावर तर चहाचा पहिला घोट होईपर्यंतच टिकतं.

काढताना खोबरेल तेल आणि कापूस, दुसरं काही नाही. ओरबाडून काढू नका. कोडाच्या कातडीला घासलं, खरचटलं, तर तिथे नवा डाग उठू शकतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी एका रात्री रागाने प्युमिस दगड लावला. उजव्या हाताच्या मधल्या पेरावर रुपयाएवढा डाग आहे, तो माझ्या हाताची कमाई.

तीस ग्रॅमची डबी सातशे ऐंशीला पडायची आणि मला पाच आठवडे पुरायची. सहा वर्षांचे हिशेबाने अठ्ठेचाळीस हजार होतात. लेकीच्या क्लासची फी निघाली असती, असं आमचे मिस्टर एकदा म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

इथवर वाचून ज्यांना फक्त क्रीमचं बघायचं होतं त्यांनी थांबायला हरकत नाही. पण ज्या दोघींनी बाजूला घेऊन विचारलं होतं, त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं. ते मला ठाऊक आहे, कारण मीही तिथेच उभी होते.

कोड म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही. महारोगाचा जंतू असतो, तो १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने शोधला. कोडात जंतूच नाही, आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या रंगाच्या पेशी मारते. महारोगाच्या चट्ट्यावर कापसाचा धागा फिरवला तर कळत नाही, कोडावर कळतं. हे मी शिकाऊ मुलींना डोळे मिटायला लावून, कापूस फिरवून शिकवलंय. आणि तरी एका म्हातारबाबांनी माझ्या हातून इंजेक्शन घ्यायला नकार दिला, "दुसऱ्या सिस्टरला पाठवा" म्हणाले, तेव्हा मी त्यांना काहीएक समजावून सांगितलं नाही. ट्रे ठेवला आणि दुसरीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी क्रीमची पहिली डबी आणली.

त्या बाबांचं सोडा, ते दोन दिवसांनी घरी गेले. मला खरं बोचलं ते चर्चमध्ये. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. महिला मंडळात एकदा चहा चालला असताना एकीने माझी बोटं पाहिली आणि म्हणाली, "मिर्यामेला झालं होतं तेच ना गं हे?" तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, आजही नाही. बायबल पाठ असणाऱ्यांना असं चटकन सुचतं. पण मी घरी येऊन बायबलातल्या गणना या पुस्तकाचा बारावा अध्याय काढला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याने कूशी स्त्री केली. कूशी म्हणजे आफ्रिकेकडची, काळी. त्या बायकोवरून मिर्याम, त्याची सख्खी बहीण, मोशेविरुद्ध बोलली. आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं झालं. मी तिथेच पुस्तक मिटलं.

का मिटलं ते सांगते. माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याने तिथलीच विदर्भातली एक मुलगी केली. मुलगी कष्टाळू, शिकलेली, रंगाने काळी. तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात मावश्यांच्या घोळक्यात म्हणाले, "आमच्या घरात चांगला अंधार आणलाय याने." मागे वळले तर ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. ती दोघं त्याच संध्याकाळी निघून गेली. नाताळ नाही, वाढदिवस नाही, फोन आलाच तर आईला. त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या अंगठ्यावर पहिला पांढरा ठिपका आला.

आता सांगा, असं वाचल्यावर कुणाच्या मनात काय येईल? मी रंगावरून बोलले आणि माझा रंग गेला. शास्त्र गुंडाळून ठेवलं मी. मला वाटे, ज्याला बायबल येतं त्या कुणीही माझे हात पाहिले की त्याला स्वयंपाकघरातलं ते वाक्यही ऐकू येणार. मी डाग झाकत नव्हते, वाक्य झाकत होते. त्यासाठी मात्र गव्हाळ तीन नंबर उत्तम.

मग ती चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून भरते ती. जानेवारी होता, तालुक्याच्या गावी मोठं मैदान, स्टेज, हॅलोजन. एक मैत्रीण घेऊन गेली. कोणाची सभा ते लिहीत नाही. अशा सभांतून खरा दिलासा मिळालेली माणसंही मी पाहिलीत, आणि मला जे सांगायचंय ते माझ्याबद्दल आहे. थंडी होती म्हणून घाम नव्हता, आणि गर्दीत जायचं म्हणून सकाळी दोन थर दिले होते. कातडीचे आजार असलेल्यांनी हात वर करा, असं स्टेजवरून सांगितलं. मी केला. प्रार्थना झाली, कपाळाला तेल लागलं. एक स्वयंसेवक मुलगी आली, माझे दोन्ही हात हॅलोजनखाली धरून उलटेपालटे केले. "ताई, कुठे होते डाग?" मी म्हटलं, इथे, बोटांवर. ती किंचाळलीच. "हालेलुया! एकसुद्धा नाही!"

मी तोंड उघडेपर्यंत स्टेजवर होते. उपदेशकांनी विचारलं, किती वर्षं होते? मी म्हटलं, सहा-साडेसहा. "आणि आता?" माइक तोंडाशी. मी हातांकडे पाहिलं. त्या उजेडात ते खरोखर सुंदर दिसत होते. मी म्हटलं, "दिसत नाहीत."

एवढीच साक्ष दिली मी. शब्द न् शब्द खरा. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं.

रात्री साडेअकराला घरी आले, मागच्या नळावर बसले, खोबरेल लावलं. एकेक बोट कापसातून पांढरं बाहेर आलं. मिस्टर टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "भात गरम करू का?"

पुढचं संकट माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये गेले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. "साक्ष ऐकली हं तुझी! देवाची स्तुती असो!" आता क्रीम काढायची सोयच राहिली नाही. हात उघडे केले तर मी खोटी ठरते, आणि माझ्यामागोमाग लोक देवालाही खोटं म्हणणार. मी तीन थरांवर गेले. पावडर दुप्पट. वॉर्डात सरसकट ग्लोव्ह्ज. उपासनेला लांब बाह्यांचे ब्लाउज. कुणी हस्तांदोलन करायला हात पुढे केला की मी लांबूनच हात जोडून "सलाम" म्हणायची.

मे महिन्यातला पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. नगरचा मे, वर लाइट गेलेली. मी कठड्यापाशी गुडघे टेकले. डाव्या हातावर उजवा हात. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा ठेवला. आम्ही भाकर म्हणतो, असतो बेकरीचा पाव, कडा काढून कापलेला, पांढराशुभ्र. मी चिमटीत धरून उचलला आणि बघितलं तर त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. गव्हाळ, तीन नंबर. आधार कार्डाच्या वेळी मशीनवर उठला नव्हता इतका स्पष्ट, रेघ न् रेघ. ख्रिस्ताचं शरीर म्हणून जे हातात दिलं त्यावर माझा मेकअप. काय करणार? खाल्लं. क्रीमची चव मेणासारखी असते, थोडी कडवट. सहा वर्षांत पहिल्यांदा नीट कळली.

माझ्या डाव्या बाजूला केडगावच्या आजी होत्या. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. त्या तिथे पंडिता रमाबाईंनी टाकलेल्या बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या, नंतर नगरला शाळेत शिकवायला आल्या. रमाबाई गेल्या १९२२ साली, आजींचा जन्म त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी झाला, पण आजी रमाबाईंबद्दल बोलतात ते काल दुपारी भेटल्यासारखं. उपासना सुटल्यावर मी हात जोडायच्या आत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सोडला तेव्हा त्यांच्या तळव्याला तपकिरी फराटा.

"रंग जातोय गं तुझा," त्या म्हणाल्या. "दुपारी ये. भजी करू."

मी गेले ती सगळी उत्तरं तयार ठेवूनच. आजींनी काही विचारलंच नाही. परातीत बेसन काढलं होतं, कांदा चिरून ठेवला होता. "पीठ कालव, माझं मनगट दुखतंय. पण ते आधी धुऊन ये. पिठात नको यायला." मोरीत कपड्याचा साबण होता. मी त्यानेच धुतलं, रंगाचा ओघळ मोरीभर. बाहेर आले तेव्हा हात पाठीमागे धरले होते, शाळेत छड्या खाऊन आलेल्या पोरीसारखे. आजींनी परात पुढे सरकवली.

दुसऱ्याच्या घरच्या पिठात सहा वर्षांत मी हात घातला नव्हता. घरीसुद्धा चमच्याने कालवायची. बेसन बोटांना चिकटत होतं, पांढऱ्या बोटांना आणि सावळ्यांना सारखंच. आजींनी मी सोडलेला पहिला घाणा कढईतून काढला, फुंकर मारून एक भजं तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मग मी रडले. भज्याचं तेल करपेपर्यंत. स्टेजचं सांगितलं, स्वयंपाकघरातलं वाक्य सांगितलं, मिर्याम सांगितली.

आजींनी गॅस बंद केला आणि आपलं बायबल आणलं. रमाबाईंचं भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं, आणि पुस्तक पुरतं बाहेर आलं १९२४ साली, त्या गेल्यावर. ज्यांना घरादारांनी टाकलं होतं त्यांच्या हातांनी जुळवलेली अक्षरं, हे आजी दर वेळी सांगतात, त्या दिवशीही सांगितलं. मग म्हणाल्या, "तू अध्याय कुठवर वाचलास?"

मी म्हटलं, ती पांढरी झाली तिथवर.

"सगळे तिथेच थांबतात. पुढे वाच." आणि मला वाचायला लावलं. पुढे काय आहे? मोशे, ज्याच्या बायकोवरून ती बोलली तोच मोशे, देवाचा धावा करतो, हिला बरी कर म्हणून. मग तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवतात. आणि त्यापुढे एक ओळ आहे, जी मी शब्बाथ शाळेपासून आजवर कधी ऐकली नव्हती, की मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.

"किती लाख माणसं असतील गं?" आजी म्हणाल्या. "गुरं, ढोरं, लेकरं, डोक्यावर ऊन. एका बाईसाठी सगळी बसून राहिली. जीभ घसरलेल्या बाईसाठी. आमच्या रमाबाईंचं कृपा सदन याहून वेगळं काय होतं? गावाने बोट दाखवलेल्या बायका तिथे होत्या. रमाबाई त्यांच्यासाठी थांबल्या."

मी विचारलं, मग ही शिक्षाच ना? आजींना राग आला. "कोडाचं डॉक्टरला विचार. जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तो म्हणाला, कोणाचंच नाही. योहानाचा नववा, जाऊन बघ. वहिनीला बोललीस ते पाप. ते खरं आहे, ते मी पुसत नाही. पण दोन्हींची एक मोळी बांधून डोक्यावर घेऊन हिंडू नकोस. डागाला क्षमा लागत नाही. आणि बोललीस त्याला क्रीम लागत नाही."

घरी येऊन मी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्यायही काढला, कातडीच्या रोगांचा, जो वाचायची मला धास्ती होती. नर्स म्हणून वाचला तर तो चक्क ओपीडीचा कागद आहे. चट्टा खोल आहे का बघा, केस पांढरे झालेत का बघा, सात दिवसांनी पुन्हा तपासा. आणि त्यातच लिहिलंय, कातडीवर नुसते फिकट पांढरे डाग उठले असतील तर माणूस शुद्ध आहे. आणखी एक गंमत, सगळं अंगच पांढरं झालं असेल तर तोही शुद्ध. म्हणजे माझा निकाल त्या पुस्तकात हजारो वर्षं लिहून ठेवलेला होता आणि मी डबीवर डबी विकत घेत होते.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी उभी राहिले. हात उघडे होते. मैदानातलं सगळं जसं झालं तसं सांगितलं, "दिसत नाहीत" हा शब्दसुद्धा. बोलून झाल्यावर इतकी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. सगळ्यांना आवडलं असं अजिबात नाही. एक काका बाहेर भेटून म्हणाले, असं चारचौघांत सांगितल्याने लोक विश्वासाला हसतात, घरातलं घरात ठेवायचं. त्यांच्या म्हणण्यात काळजी होती, पण मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. महिला मंडळातली ती, मिर्यामेवाली, तिला माझं बोलणं ऐकून काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या शेजारी येऊन बसली आणि उपासना संपेपर्यंत माझा हात धरून बसली. तिच्या हाताला घाम फार येतो.

आता मला मार्काचा पाचवा अध्याय निराळा दिसतो. बारा वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई मागून येऊन वस्त्राला हात लावते, बरी होते, आणि तशीच निघून जायचं म्हणते. कुणाला काही कळलेलं नाही. मग येशू थांबून का विचारतो, मला कोणी हात लावला म्हणून? पूर्वी मला ते जरा कठोर वाटे, झालं ना काम, जाऊ द्या की तिला. पण ती पुढे येऊन सगळं सांगते, तेव्हा तो तिला 'मुली' म्हणतो. न सांगता गेली असती तर बरी होऊन गेली असती, पण ती हाक तिला मिळाली नसती.

जूनमध्ये चाकणला गेले. शिक्रापूरपर्यंत एसटी, पुढे दुसरी गाडी. क्रीम नाही, नुसतं सनस्क्रीन. हे मात्र कोड असलेल्या सगळ्यांनी लावाच, पांढऱ्या जागा उन्हाने चटकन भाजतात. कंडक्टरने सुटे पैसे माझ्या हातात न देता सीटवर ठेवले. होतं असं, अजूनही होतं.

दार वहिनीने उघडलं. मी वाटेत भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हटलं, "मी तुझ्या रंगावरून बोलले होते."

ती म्हणाली, "हो. ऐकलं होतं मी."

बराच वेळ आम्ही तशाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "हे कधीपासून?" सात वर्षं. "दुखतं?" नाही. "आईंनी सांगितलं नाही कधी." मी म्हटलं, आईलासुद्धा नीट दाखवलं नव्हतं. ती बाजूला झाली आणि मी आत गेले. भाऊ तासाभराने आला. जेवताना ताटावरून मान वर केली नाही त्याने. मला वाटलं होतं तो रडेल, मी रडेन, असं काही झालं नाही. वहिनीने मला दोनदा वरण वाढलं. नाताळात ती दोघं एक दिवस येऊन गेली. मुक्कामाला थांबली नाहीत. यंदा थांबतील का, बघू.

डाग कमी झालेत का, असं विचारणार असाल तर नाही. उलट डाव्या हाताच्या करंगळीवर एक नवा आलाय. बायबलातल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं होतं आणि काटा काही निघाला नाही. पूर्वी तो भाग मी प्रवचनात झोपेत ऐकायची. ओपीडीत जाते अजून, मलमही लावते. वॉर्डात कुणी विचारलं, "सिस्टर, हे लागतं का?" तर मी कापूस घेऊन बसते आणि त्यांनाच माझ्या बोटावर फिरवायला लावते. परवा एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने फिरवला आणि म्हणाला, गुदगुल्या होतात का?

तर क्रीमचं. घ्यावं का? ज्यांना घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्या. मुलाखतीला जायचंय, लग्नाला जायचंय, किंवा नुसतं रोजच्या प्रश्नांचा कंटाळा आलाय, लावा. त्यात पाप नाही, कमीपणा नाही, लोक लिपस्टिक लावतातच की. कामाला जाणाऱ्या पोरींना तर मी स्वतः छटा निवडून देते, फुटपाथवर उभी राहून. फक्त दिवसातून एकदा तरी कुणा एका माणसासमोर हात धुऊन बसता येईल असं घर शोधा. ते दुकानात मिळत नाही, त्यामुळे त्याला तारे कसे देणार?

पाचवा तारा कापला तो झाकणासाठी. डबीचं झाकण दोन आठवड्यांत सैल होतं आणि क्रीमला वरून साय धरते, आत थोडं खोबरेल घालून घोटावं लागतं. माझ्याकडे एक न फोडलेली आणि एक अर्धी डबी शिल्लक आहे. गव्हाळ, तीन नंबर, मार्चपर्यंत चालेल. नगरमध्ये कुणाला हवी असेल तर घेऊन जा. पावडर बरोबर देईन.